वजा लवंगी

किन्हवलीत कुणाच्या घरी कालवण जमून आलं की जेवणारा विचारायचा, "मसाला सरस्वतीचा का?" हो म्हटलं की रांधणारीचं तोंड जरा उतरायचं, कारण मग अर्धी वाहवा सरस्वतीकडे जायची. ही अर्धी वाहवा म्हणजे सरस्वतीची बावीस वर्षांची कमाई. मिरवावं असं दुसरं काही तिच्याकडे नव्हतं. रंग बेताचा, शिक्षण नववी, माहेर मुरबाडच्याही पलीकडचं. तिथून वर्षातून एकदा भाऊ फणस घेऊन यायचा. नवरा संदेश शांत. इतका की तो घरात आहे की शेतावर, हे दारातल्या चपला बघून ठरवावं लागे.

चैत्र लागला की तिचे दिवस सुरू होत. दहा-पंधरा घरांच्या मिरच्या ती स्वतः आणायची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. माजघराची कडी आतून लावून तिन्ही एकत्र करायची आणि मगच ढीग गच्चीवर उन्हात जायचा. चार उन्हं खाल्ली की देठं खुडायची, डबा भरायचा आणि बाजारातल्या डंखावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, न्यायचा. खडा मसाला कोणता नि किती, हे गावातल्या पोरींनाही पाठ होतं. पण तीन मिरच्यांचं माप फक्त तिच्याकडे. ढीग निवडून तोलला असता तर ते कुणालाही कळलं असतं. तसं कुणी करत नसे. दुसरीच्या चुलीवरचं झाकण उचलून बघू नये, त्यातलाच तो प्रकार.

माप तिला सासूनं दिलं होतं. बाईजानं तीन वर्षं सुनेला नुसती देठं खुडायला बसवली. चौथ्या चैत्रात एका दुपारी कडी लावली, पाच किलोला कुठली मिरची किती ते तीन आकड्यांत सांगितलं, आणि सरस्वतीकडून सात वेळा म्हणवून घेतलं. डबा भरताना तळाला भाजलेल्या तांदळाची एक मूठ टाकायची, म्हणजे डंखाला मिरची चिकटत नाही, हेही तेव्हाच दाखवलं. त्या दिवशी सरस्वती त्या घरची झाली. लग्न आधी झालं होतं, एवढंच.

मग धाकटा दीर स्वरूप लग्न करून कुणालीला घेऊन आला.

कुणाली सापगावची. गणितात एम.एस्सी., शहापूरला कॉलेजात शिकवायची. तिच्यात वाईट काही नव्हतं, आणि सरस्वतीचं खरं दुखणं तेच होतं. उद्धट असती तर चार जणींत बोलता आलं असतं. ती सकाळी स्वतःचं ताट घासून जायची, येताना बाईजासाठी खारी आणायची, सरस्वतीला "वयनी, तुमी बसा" म्हणायची. बसून करायचं काय, हे मात्र सांगायची नाही.

तिचा लॅपटॉप घरातल्या एकुलत्या टेबलावर असायचा. त्या टेबलावर आधी सरस्वतीचं शिलाई मशीन होतं. ते आता पडवीत गेलं होतं. धूळ बसू नये म्हणून बाईजा लॅपटॉपवर स्वतःचा धुतलेला पंचा टाकायची. मशीनवर बावीस वर्षांत कुणी फडकं टाकलं नव्हतं. सरस्वती येता-जाता तो पंचा बघायची आणि तिच्या पोटात बारीक कळ यायची, आंबट कैरी चावल्यासारखी.

सासरा कुंडलिक याचं एक जुनं कोडं होतं. येईल त्या पाहुण्याला तो घालायचा. "अंगणात कोंबड्या नि बकऱ्या मिळून तीस डोकी, चौऱ्यांशी पाय. बकऱ्या किती, सांगा." पाहुणे हसून चहा प्यायचे. कुणालीला त्यानं पहिल्याच आठवड्यात घातलं. ती म्हणाली, "बाबा, तोंडी सांगू की यंत्राला विचारू?"

"यंत्राला इचार. बघू तरी."

तिनं पंचा बाजूला केला. मॅक्सिमा नावाचं एक सॉफ्टवेअर उघडलं, त्यात दोन ओळी लिहिल्या. एकीत डोकी, दुसरीत पाय. कोंबड्यांना एक अक्षर, बकऱ्यांना एक अक्षर. कळ दाबली. बकऱ्या बारा, कोंबड्या अठरा.

"ह्याला रेषीय समीकरणं म्हणतात, बाबा. दोन गोष्टी ठाऊक नसल्या की दोन वेगळ्या खऱ्या ओळी लागतात. तीन नसल्या तर तीन. मग कितीही किचकट असू दे, हे सोडवून देतं. आणि गोळाबेरीज नाय करत, अपूर्णांक असला तर अपूर्णांकच देतं."

"बारा," कुंडलिक म्हणाला आणि मांडीवर थाप मारून हसला. "पोरीनं काढला बघ. एवढ्या वर्सांत पहिलीच."

सरस्वती दारात पीठ चाळत होती. पहिली नव्हे. लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात, पाटावरवंटा करताना, तिनं ते सोडवलं होतं. बकऱ्या पाला ओरबाडायला मागच्या दोन पायांवर उभ्या राहतात. तशा सगळ्या उभ्या केल्या की तीस डोक्यांचे साठ पाय जमिनीवर. उरलेले चोवीस हवेत, म्हणजे बकऱ्या बारा. पण तेव्हा सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायची रीत नव्हती आणि तिला कुणी कोडं घातलंही नव्हतं. ते पाहुण्यांसाठी होतं. तिनं चाळणीतलं पीठ इतक्या जोरात झटकलं की बाईजा म्हणाली, "सरू, वारा सुटला काय गो?"

यंदाच्या चैत्रात बाईजानं विषय काढला. पहिला ढीग गच्चीवर जायचा होता. जेवताना ती सहज म्हणाली, "सरू, माप आता कुणालीलापण सांगून ठेव. एकाच डोक्यात ठेवू नये. मी करायची तवा आमा दोघींना ठाऊक होतं, आता मी इसरत चालले."

सरस्वतीनं कालवणाची वाटी बाजूला सारली. "सांगीन. पुढच्या साली. आधी देठं खुडू दे तिला तीन वर्सं, मी खुडली तशी."

"मला कॉलेज असतं, वयनी," कुणाली हसत म्हणाली. "देठं नाय जमणार. पण तुमी नका सांगू. मी काढते."

"काय काढतेस?"

"माप. तीन मिरच्या, तीन आकडे ठाऊक नाय. मला तीन ओळी मिळाल्या की झालं."

स्वरूप म्हणाला, "त्यात काय, ढीग निवड नि तोल."

"निवडून कोणीपण काढेल," कुणाली म्हणाली.

सगळे सरस्वतीकडे बघू लागले. ती म्हणाली, "ढिगातल्या मिरचीला हात न लावता काढ. मग बघू." म्हणाली खरी, पण आत जाऊन पाण्याचा तांब्या भरताना तिला प्रश्न पडला. माप गेलं तर मागं काय राहणार होतं? डबे उचलणारी एक बाई. आणि ते मागून नव्हे, न मागता जाणार होतं, कुणाच्या तरी गंमतीखातर.

कुणालीनं वजनकाटा आणला, ग्रॅम दाखवणारा. बाजारातून तिन्ही मिरच्या किलो-किलो आणल्या आणि तीन ताटांत सरस्वतीच्या ढिगाशेजारी उन्हात ठेवल्या. त्याच गच्चीवर, त्याच चार उन्हांत. मग तोलल्या. ब्याडगी किलोमागं एकशेवीस ग्रॅम सुकली, संकेश्वरी शंभर, लवंगी ऐंशी. देठं खुडून पुन्हा तोलल्या. ब्याडगीची देठं पन्नास ग्रॅम, संकेश्वरीची साठ, लवंगीची शंभर. लवंगी बारीक, तिला अंगापेक्षा देठ फार.

"आता तुमचा ढीग," ती म्हणाली. "ओला पाच किलो, ही एक ओळ. सुकल्यावर किती घटला, ही दुसरी. देठं गेल्यावर किती घटला, ही तिसरी. मला हात लावायलाच नको."

सरस्वतीला तीन ओळींतलं फारसं कळलं नाही, पण ती ताटं बघून तिच्या अंगाची आग झाली. बावीस वर्षं ती उन्हात मिरची वाळवत होती. कुठली किती सुकते, हे तिच्या बोटांना कळायचं. कधी तिला ते आकड्यांत मांडावंसं वाटलं नव्हतं. आणि ही चार दिवसांत वहीभर लिहून मोकळी. एकदा तर सरस्वतीच्या मनात आलं, की भरदुपारी जाऊन लवंगीच्या ताटावर पाणी शिंपडावं. ती गच्चीच्या जिन्यापर्यंत तांब्या घेऊन गेलीही. मग स्वतःचीच लाज वाटली आणि तिनं ते पाणी तुळशीला घातलं.

पाचव्या दिवशी देठं खुडून झाली. ढीग माजघरात नेऊन सरस्वतीनं कडी लावली, डबा भरला, बाहेर आणला. कुणालीनं डबा तोलला, रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं. सुकताना पाचशे तीस ग्रॅम घटले होते, देठांनी दोनशे पंचाहत्तर. ती लॅपटॉपशी बसली. कुंडलिक खुर्ची ओढून शेजारी बसला, बाईजा भिंतीला टेकली, स्वरूप दारात. शेजारीण लहानी स्वतःच्या मिरच्यांचं विचारायला आली होती, तीही थांबली. सरस्वती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती.

कुणालीनं कळ दाबली. मग पडदा जवळ ओढून पुन्हा वाचला.

"काय आलं?" कुंडलिकनं विचारलं.

"ब्याडगी सात छेद सहा. संकेश्वरी पंचवीस छेद सहा." ती थांबली. "लवंगी वजा एक छेद तीन."

"वजा म्हंजे?"

"म्हणजे... उणे. पाव किलोपेक्षा जरा जास्त, पण उणे."

लहानी पहिली हसली. "मंग काय गो, सरस्वतीनं लवंगी घातली नाय, उलटी काढून घेतली?" स्वरूपला हसू आवरेना. कुंडलिक म्हणाला, "पोरी, तुझा यंत्र दुपारचा झोपला वाटतं." बाईजाही पदर तोंडाला लावून हसली. सरस्वती हसली नाही. तिनं फक्त उंबऱ्यावरून हलून सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि त्यात आलं जरा जास्तच किसलं.

कुणाली लाजली नाही. हेही सरस्वतीला खुपलं. ती म्हणाली, "यंत्र बरोबर आहे, बाबा. मी सांगितलं त्याचं उत्तर हेच. माझ्याच सांगण्यात काहीतरी सुटलंय." तिनं पुन्हा ओळी लिहिल्या. या वेळी तिन्ही मिरच्यांबरोबर एक चौथं काहीतरी धरलं, जे उन्हात नव्हतं, ज्याला देठ नाही आणि जे शेवटी डब्याच्या वजनात आलं. "चार अनोळखी झाले, ओळी तीनच. म्हणून आता हे एक अक्षर मोकळं सोडतंय. म्हणतंय, ह्या एकाची किंमत तू सांग, बाकीच्या मी सांगतो. एवढं मात्र दिसतंय, की ते दहा ग्रॅमच्या वर आहे आणि साडेबासष्टच्या खाली."

"दहा गरॅम," लहानी म्हणाली. "उंदीर बसला असंल डब्यात."

दोन दिवस सरस्वतीचे सुखात गेले. बाजारात भाजीवालीनं विचारलं, "सरस्वतीबाई, वजा लवंगी कशी दिली?" म्हणजे गोष्ट तिथवर पोचली होती. घरात पंचा तसाच होता, टेबल तेच होतं. पण सरस्वतीला ते टेबल आता बुटकं वाटायला लागलं. तिनं कुणालीला तिच्या आवडीची कमी तिखटाची भाजी वेगळी करून दिली. जिंकलेल्या माणसाला एवढं परवडतं.

तिसऱ्या दिवशी लहानीच्या मिरच्यांची पाळी होती. कुणालीला कॉलेजची सुट्टी. सरस्वती चुलीशी लहान तव्यावर तांदूळ भाजत होती, मूठभरच. कुणाली पाणी प्यायला आली.

"हे काय, वयनी? भेळ करताय?"

"भेळ कसली. डंखाला चिकटू नये म्हणून."

कुणालीनं पेला खाली ठेवला. "हे डब्यात जातं?"

"तळाला."

"परवापण घातलं होतं?"

"नेहमीच घालते. मूठभर." सरस्वतीनं तवा उतरवला. तोवर तिला काही कळलंच नव्हतं. मूठ म्हणजे माप नव्हे. देवळात टाकतात, पाखरांना टाकतात, दारी आलेल्याच्या झोळीत टाकतात. मुठीला कोण मोजतं? माप म्हणजे ते तीन आकडे, जे तिनं कडी लावून सांभाळले होते. मूठ तर तिचा डावा हात तिला न विचारता टाकायचा.

"तोललीय कधी?"

"मुठीला कोण तोलतं गो?"

कुणाली काटा घेऊन आली आणि तिच्यापुढं धरला. तांदूळ अजून कोमट होते. सरस्वतीनं मूठ भरून काट्यावर सोडली. चाळीस. पुन्हा भरली. एकोणचाळीस. तिसऱ्यांदा चाळीस.

"तिन्ही वेळा," कुणाली हळू म्हणाली आणि टेबलाकडे गेली. सरस्वती तिच्या मागं निघाली, आणि मधल्या दारात तिच्या ध्यानात आलं. आपणच सांगितलं. चुलीशी बसून, तवा हातात धरून, दोन वाक्यांत.

कुणालीनं मोकळ्या अक्षराच्या जागी चाळीस ग्रॅम लिहिले. कळ दाबली. तिच्या खांद्यावरून सरस्वतीनं पडद्यावर बघितलं. वाचायला एम.एस्सी. लागत नव्हती. ब्याडगी अडीच. संकेश्वरी दीड. लवंगी एक. सात वेळा म्हणवून घेतलेले तेच आकडे, त्याच क्रमानं.

"बघा ना, वयनी," कुणाली म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "छेद सगळे गेले. किती स्वच्छ आलं. एवढीशी मूठ, तिनं लवंगी उण्यात नेली होती."

"आता सांग जाऊन सगळ्यांना," सरस्वती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

कुणालीनं तिच्याकडे बघितलं. मग तिनं ती खिडकी बंद केली. यंत्रानं जपून ठेवू का विचारलं, त्याला नाही म्हणाली. "मला काय करायचंय माप? मला तिखट सोसतच नाय. उत्तर वजा का आलं, एवढंच डोक्यात अडकलं होतं." आणि ती उरलेलं पाणी प्यायला गेली.

सरस्वती तिथंच उभी राहिली. हरवून घेतलं असतं तर सोसलं असतं. पण जे तिनं इतकी वर्षं कडीआड ठेवलं, ते हिला नकोच होतं. हिनं ते हातात घेतलं, बघितलं आणि पेरूच्या बियांसारखं बाजूला काढून ठेवलं.

दिवेलागणीला सगळे जेवायला बसले. कुंडलिकला अजून गंमत पुरली नव्हती. "पोरी, वजा लवंगीचं काय झालं? सापडला उंदीर?"

कुणालीनं ताटातून मान वर केली नाही. "काटाच बिघडलेला, बाबा. हरले मी. वयनीचं माप यंत्राच्या बापाला नाय कळायचं."

"असू दे गो," बाईजा म्हणाली. तिच्या आवाजात इतकी माया होती की सरस्वतीनं वाढता हात आवरला. "हरली म्हणून कबूल करायला मन मोठं लागतं. माझी पोर गुणाची." आणि तिनं आपल्या ताटातला माशाचा मधला तुकडा कुणालीच्या ताटात ठेवला.

बावीस वर्षांत बाईजानं तो तुकडा सरस्वतीला कधी दिला नव्हता. ती तो तुकडा बघत राहिली. टेबल गेलं. कोडं गेलं. माप गेलं, ते गेलेलं कुणाला कळलंही नाही. आणि आता मन मोठं, तेही हिचंच. वर जन्मभर हिनं झाकलं म्हणून आपण झाकलेलं राहायचं, दर चैत्रात हिच्याकडे बघून डबा भरायचा. एवढं सरस्वतीच्यानं होणार नव्हतं.

तिनं पळी भांड्यात ठेवली. "काटा बिघडला नव्हता," ती म्हणाली.

सगळे थांबले. संदेशनंसुद्धा घास खाली ठेवला.

"डब्यात तांदळाची मूठ असते. मी सांगितली नव्हती. ती धरली तर बरोबर येतं. तिनं काढलंय माप. मला दाखवलंय."

"मूठ?" बाईजा म्हणाली. "ती काय मापात असती व्हय?"

"चाळीस गरॅमची आहे, आई. तीनदा तोलली. यंत्राला कळली, आपल्याला नाय कळली."

कुंडलिकनं विचारलं, "मग लवंगी किती?"

आजवर या घरात हा प्रश्न कुणी असा उघड विचारला नव्हता. सरस्वतीनं भाकरीचं ताट पुढं ओढलं. "पाच किलोला एक. ब्याडगी अडीच, संकेश्वरी दीड. स्वरूप, लिहून घ्यायचं तर घे. आणि बाबा, बकऱ्या बारा. मला पहिल्या सालापासून ठाऊक आहे. दोन पायांवर उभ्या केल्या की चोवीस पाय हवेत राहतात."

कुंडलिक बोटांवर मोजायला लागला. मोजून झाल्यावर तो सरस्वतीकडे असा बघत राहिला, जशी ती आजच एसटीतून उतरली असावी.

सरस्वतीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती कुणालीकडे बघत होती. कुणाली ताटातल्या मधल्या तुकड्याकडे बघत होती. तो तिला आता खाववेना आणि परतही देता येईना. दिलेलं काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. ओठ जरासे आवळलेले, नजर खाली. ती कळ कुठं आणि कशी येते, हे सरस्वतीला चांगलं ठाऊक होतं.

"खा गो, कुणाली," ती म्हणाली, "निवतंय." आणि स्वतःसाठी तिनं आणखी एक भाकर घेतली. त्या दिवशी तिला भूक होती.